वयाची अट

सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्राची मागची पानं उलटली की 'पाहिजेत'चा रकाना लागतो. पहिल्या पानावरच्या बातम्या दुपारपर्यंत शिळ्या होतात, हा रकाना मात्र वर्षानुवर्षं तोच असतो. टेलर पाहिजे, डिलिव्हरीसाठी मुलं पाहिजेत, अकाउंटंट पाहिजे, टॅली येणे आवश्यक. आणि बहुतेक जाहिरातींच्या शेवटी वय: पंचवीस ते पस्तीस, फार तर चाळीस. सूट दिसते ती बहुधा एकाच कामाला. सिक्युरिटी गार्ड पाहिजेत, त्वरित, राहण्याची सोय, निवृत्तही चालतील. सगळीकडची दारं बंद झालेला माणूस शेवटी दार राखायच्याच कामाला लागतो. हे कुणी ठरवून केलेलं नसेल, पण झालंय खरं.

त्या 'चालतील'मध्ये एक नाइलाज आहे. हवे आहेत असं नाही, चालतील.

खरं तर यातल्या फार थोड्यांना निवृत्त म्हणता येईल. चांगली पेन्शन घेऊन सरकारी नोकरीतून बाहेर पडलेला माणूस गेटवर बारा तास उभा राहायला सहसा येत नाही. येतो तो कारखाना बंद पडलेला, नाहीतर आयुष्य कंत्राटावर काढलेला, नाहीतर भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेतली पेन्शन घेणारा. त्या योजनेतली किमान पेन्शन २०१४ साली महिना १,००० रुपये ठरली आणि नंतर कित्येक वर्षं तिथेच राहिली. ती साडेसात हजार व्हावी म्हणून बुलढाण्यात म्हाताऱ्या पेन्शनरांनी साखळी उपोषण चालवलं. हजार रुपयांत महिन्याचा गॅस आणि दूध भागलं तरी पुष्कळ. देशभर २०१७-१८ साली झालेल्या 'लासी' नावाच्या मोठ्या पाहणीत साठीपुढच्या साधारण तिघांपैकी एक जण अजून कामावर आढळला, यात नवल कसलं? त्यातले बरेच शेतावर राबतात. शहरातले आपल्या रोजच्या नजरेतले आहेत. गेटवर, लिफ्टमध्ये, दुकानाच्या काउंटरमागे, बँकेच्या दारात, कुठल्याशा ऑफिसात फायली इकडून तिकडे नेताना.

मुंबईने हे आधी एकदा पाहिलेलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले हजारो पुन्हा आत गेलेच नाहीत. साचाखात्यात हयात घालवलेला चाळिशी-पन्नाशीतला माणूस गावी गेला, नाहीतर भाजीची पाटी घेऊन बसला, नाहीतर कुठेतरी वॉचमन झाला. हात कसबी होते, पण त्या वयात त्या हातांना नवं काम शिकवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

हे सगळं मोठं अर्थकारण. सकाळच्या चहाला ते पेलत नाही. मला बोलायचं आहे ते त्याहून लहान गोष्टीबद्दल: हा माणूस कामावर आलाच आहे, तर तो तिथे कसा असतो?

आपल्या घराचा रिवाज असा की दारात कुणीही आलं तरी आधी 'या, बसा' म्हणायचं, मग पाणी, मग काम. वर्गणी मागायला आलेल्यालाही आपण उभं ठेवत नाही. तोच माणूस पगारावर दारात आला की हिशोब बदलतो. मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तक्रार येते की वॉचमन बसलेला असतो. बसलेला म्हणजे झोपलेला, असं आपलं गणित. मग खुर्ची काढून घेतली जाते, नाहीतर अशी ठेवली जाते की तिच्यावर पाच मिनिटंही धड बसवू नये: कुणाच्या तरी गॅलरीतून बाद झालेली, एक पाय उणा, खाली वीट लावलेली. आपण त्या माणसाला 'काका' म्हणतो. अगदी मनापासून म्हणतो. दिवाळीला फराळाचं ताटही नेऊन देतो. आदरात आपण कसूर करत नाही, कारण त्याला पैसे पडत नाहीत. शाल-श्रीफळाला आपण तयार, स्टुलाला नाही.

बसण्याचा हक्क कायद्याने मिळवावा लागतो हे ऐकायला विचित्र वाटेल, पण केरळात तो मिळवावा लागला. कोळिकोडच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या बायकांनी आधी स्वच्छतागृहासाठी आवाज उठवला. ते नसल्याने त्या दिवसभर पाणीच पीत नसत. मग बसण्यासाठी लढा झाला. २०१८ साली केरळ सरकारने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून कामाच्या ठिकाणी बसायची सोय बंधनकारक केली. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. कारखान्यांच्या बाबतीत तर १९४८ च्या कायद्यातच कलम ४४ होतं: उभ्याने काम करणाऱ्याला, कामात उसंत मिळेल तेव्हा टेकायला जागा द्या. म्हणजे आपल्या देशाने हा विचार स्वातंत्र्यानंतर लगेच केलेला आहे. फक्त सोसायटीचं गेट म्हणजे कारखाना नव्हे.

त्या विक्रेत्या बायका काही म्हाताऱ्या नव्हत्या. त्यांनी मिळवलेलं स्टूल मात्र उद्या साठीतल्या कारकुनालाही उपयोगी पडेल. वयस्कांसाठी म्हणून ज्या सोयी सांगितल्या जातात त्यातल्या बहुतेक सगळ्यांनाच हव्या असतात. तरुण माणूस त्यांच्यावाचून रेटून नेतो आणि पाठदुखी पुढच्या वयासाठी साठवून ठेवतो, इतकंच.

तरी वय आपला हिस्सा घेतंच, ते नाकारण्यात अर्थ नाही. साठीच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या मानाने जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. बाहुली लहान होते, भिंग पिवळट होतं. म्हणून तरुण सेक्रेटरीला गेटवरचा एक दिवा पुरेसा वाटतो आणि काकांना त्याच दिव्याखाली रजिस्टरमधला गाडीचा नंबर लागत नाही. कानाचं तर वेगळंच आहे. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचे सूर जातात, आणि शब्दाशब्दांतला फरक ज्यांच्यावर ठरतो ती स, फ, ट सारखी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. त्यामुळे इंटरकॉमवर ओरडून काही साधत नाही, उलट माणूस गोंधळतो. समोर उभं राहून, तोंड दिसेल असं, सावकाश बोललं की निम्मं काम होतं. याला खर्च काय येतो?

आणि वय हिस्सा घेतं तसं देतंही. टिमथी सॉल्टहाऊस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८४ साली टंकलेखकांवर एक सुंदर अभ्यास प्रसिद्ध केला. एकोणीसपासून बहात्तरपर्यंत सगळ्या वयाची माणसं त्यात होती. बोटांची चपळाई मोजली तेव्हा वयस्क मंडळी मागे पडली, अपेक्षेप्रमाणे. पण प्रत्यक्ष टायपिंगचा वेग मोजला तेव्हा ती मागे नव्हती. कारण शोधलं तर निघालं, की वयस्क टंकलेखकाची नजर मजकुरात जास्त पुढे धावत असते. बोट आत्ताच्या अक्षरावर असताना डोळा पुढची कित्येक अक्षरं वाचून मोकळा झालेला असतो. बोटांनी गमावलेला वेळ त्याने नजरेने भरून काढलेला असतो. कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या म्हाताऱ्या टायपिस्टाला ज्याने पाहिलंय त्याला हे पटायला प्रयोगशाळा लागू नये. पक्षकार अजून नाव-गाव सांगत असतो आणि कागद अर्धा झालेला असतो.

गेटवरही हेच चालतं. कोणत्या फ्लॅटचा कुरिअर कुठे ठेवायचा, कोणाचा मुलगा किती वाजता क्लासहून येतो, कोणता मनुष्य 'पाहुणा' म्हणून तिसऱ्यांदा येतोय आणि दर वेळी नाव वेगळं सांगतोय, हे ज्याला कळतं त्याला राउंड मारायला पाच मिनिटं जास्त लागली तर काय बिघडलं? पण एजन्सीच्या कागदावर राउंडची मिनिटं लिहायला रकाना आहे, ओळखीच्या नजरेला रकाना नाही.

जर्मनीत एका कारखान्याने हा हिशोब जरा निराळा मांडून पाहिला. बव्हेरियातल्या डिंगोल्फिंगला बीएमडब्ल्यूचा मोठा कारखाना आहे. २००७ साली तिथल्या व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की कामगारांचं सरासरी वय एकोणचाळीस आहे आणि दहा वर्षांत ते सत्तेचाळीसवर जाणार आहे. तेव्हा त्यांनी गिअरबॉक्सच्या एका लाइनवर बेचाळीस माणसं अशी नेमली की तिचं सरासरी वय आत्ताच सत्तेचाळीस भरावं. दहा वर्षांनंतरचा कारखाना आधीच उभा करून पाहायचा, अशी कल्पना. बाकीच्यांनी तिला लगेच 'पेन्शनरांची लाइन' म्हणायला सुरुवात केली. थट्टा करण्यात जर्मन कामगारही आपल्यासारखेच.

मग त्या लाइनवर सत्तरएक बदल झाले. एकही डोळे दिपवणारा नाही. काँक्रीटच्या जमिनीवर लाकडी फळ्या आल्या, गुडघ्यांना धक्के कमी बसू लागले. केशकर्तनालयात असते तशी उंची कमी-जास्त होणारी खुर्ची आली. बारीक कामासाठी भिंगं आली, संगणकाच्या पडद्यावरची अक्षरं मोठी झाली. एकाच हालचालीने एकच सांधा दिवसभर झिजू नये म्हणून पाळीत कामांची अदलाबदल ठरली. साहित्याचा खर्च सुमारे वीस हजार युरो, म्हणजे त्याच कंपनीची एक गाडीसुद्धा येणार नाही इतका. वर्षभरात त्या लाइनचं उत्पादन सात टक्क्यांनी वाढलं.

या गोष्टीतला मला सर्वात मोलाचा वाटणारा भाग फळ्या-खुर्च्यांचा नाही. बहुतेक सूचना कामगारांनी स्वतः केल्या होत्या. काय दुखतं, कुठे दुखतं, काय केलं तर कमी दुखेल, हे त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी सांगितलं.

सांगितलं, कारण सांगण्याची भीती नव्हती. आपल्याकडे खरी अडचण इथेच आहे. एजन्सीच्या गार्डने 'साहेब, रात्री दिसायला जरा त्रास होतो' म्हटलं तर उद्या त्याचा पॉइंट बदलतो, नाहीतर कामच जातं. कमिटी आधीच सुपरवायझरला सांगत असते, 'जरा तरुण पाठवा हो.' म्हणून तो सांगत नाही. गुडघा धरला तरी राउंड मारतो. ऐकू आलं नाही तरी मान हलवतो. रिलिव्हर आला नाही की डबल ड्युटी करतो, चोवीस तासांची, आणि दमलो म्हणत नाही. हे फक्त गेटवरच चालतं असं समजू नका. पंचावन्न वर्षांचा इंजिनिअर मुलाखतीच्या आदल्या रात्री केस काळे करतो, बायोडाटामधून पदवीचं वर्ष गाळतो. ऑफिसातली बाई मीटिंगमध्ये स्क्रीनवरचे आकडे दिसत नसतानाही 'हो, बरोबर' म्हणून मोकळी होते, कारण चष्मा काढून पुसला तरी कुणीतरी हसेल. वय लपवण्यात केवढी शक्ती जाते! ती कामात लागली असती. ज्याला सोय हवी तो ती मागणार नाही, असं धरूनच सोय करायला हवी. मागेल त्याला खुर्ची, असा नियम केला तर ती खुर्ची रिकामीच राहील. खुर्ची आधीच मांडलेली हवी, सगळ्यांसाठी, कुणाचंही नाव न लावता.

याच्या उलट टोकाला एक वेगळाच प्रकार दिसतो, आणि तो मला जास्त खुपतो. तो प्रेमाने केला जातो. 'काका, राहू द्या, तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही करतो.' पहिल्या दिवशी बरं वाटतं. महिन्याभरात अवघड फायली शेजारच्या टेबलावर जायला लागतात. मग नवीन सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगच्या यादीत नाव येत नाही, कारण 'त्यांची आता दोनच वर्षं राहिली'. ज्याची दोन वर्षं राहिली त्याने ती दोन वर्षं काय करायचं? निरोप समारंभाची भाषणं निवृत्तीच्या दिवशी व्हायला हवीत. आपल्याकडे ती पाच वर्षं आधीपासून सुरू होतात, आणि माणूस आपल्याच खुर्चीत पाहुणा होऊन बसतो.

बरं, निवृत्तीचं वय तरी कुठे एकसारखं आहे? केंद्र सरकारने १९९८ साली ते साठ केलं. महाराष्ट्र सरकारचा अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी जातो, त्याच्या केबिनबाहेरचा शिपाई मात्र साठीपर्यंत चालतो. उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती बासष्टपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचा पासष्टपर्यंत. एकाच राज्यात, एकाच रस्त्यावर, माणूस म्हातारा होण्याची वयं निरनिराळी. निवृत्त सचिव सल्लागार म्हणून परत आला की त्याला आपण अनुभव म्हणतो. निवृत्त फिटर परत आला की चालवून घेतो.

शिकवण्याबद्दलही बोलायला हवं. गेटवर आता अॅप आलं आहे. पाहुणा आला की त्याचा फोटो काढायचा, फ्लॅट नंबर टाकायचा, वरून होकार येईपर्यंत थांबायचं. काकांना ते शिकवायला एजन्सीचा पोरगा येतो. मोबाइल स्वतःच्या हातात धरतो, अंगठा भराभर फिरवतो, 'हे असं, मग असं, की झालं. सोप्पंय!' म्हणतो आणि गाडीला किक मारून निघून जातो. काकांनी पडद्याला एकदाही बोट लावलेलं नसतं. शिकणाऱ्याच्या हातात वस्तू द्यायची, आपले हात मागे बांधायचे, आणि तो चुकेल तेवढं चुकू द्यायचं, ही रीत गॅरेजमधल्या कुठल्याही उस्तादाला ठाऊक असते. शिवाय तिथे दहा तरुण गार्ड बघत उभे नसावेत. हजेरीच्या मशीनचं तर विचारूच नका. ज्याने तीस वर्षं हातोडी नाहीतर घमेलं धरलं त्याच्या अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत राहतं आणि लेट मार्क त्याच्या नावावर पडतो. इतकी वर्षं काम केल्याचा पुरावाच आड येतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तरुणांना नोकऱ्या नाहीत आणि तुम्ही म्हाताऱ्यांच्या खुर्च्या कसल्या मांडताय? हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. पण पुण्याच्या पेठांमधल्या अभ्यासिकांत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोरांना विचारा, खानावळीचे पैसे कुठून येतात. पुष्कळांच्या बाबतीत ते रात्रपाळी करणाऱ्या बापाकडून येतात. जागा अडवणारा आणि जागेची वाट पाहणारा एकाच घरातले असतात. आणि बापाच्या गेटवरच्या जागेसाठी पोराने अभ्यास चालवलेला नसतो.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचाच आहे. सत्तरीच्या माणसाने मुळात बारा तास ड्युटी करावी का? करू नये. स्टूल हे पेन्शनला उत्तर नव्हे, आणि चांगलं स्टूल दिलं म्हणून कमिटीने पाठ थोपटून घेऊ नये. जपानात १९७५ साली टोकियोपासून एक चळवळ निघाली, तिची 'सिल्व्हर' केंद्रं आज देशभर आहेत. साठीपुढची माणसं तिथे नाव नोंदवतात आणि महिन्याला साधारण दहा दिवस, हलकं काम घेतात. बाग राखणं, सायकली लावून घेणं, दारं-खिडक्या दुरुस्त करणं. पण ते जमतं, कारण तिथल्या बहुतेकांना पेन्शन असते आणि हे पैसे वरखर्चाचे असतात. आपल्याकडे बारा तासांच्या दोन सहा-सहा तासांच्या पाळ्या करा म्हटलं तर काका आधी विचारतील, पगार किती? अर्धा म्हटलं तर ते बारा तासच उभे राहतील. ही गाठ सोसायटीच्या मीटिंगमध्ये सुटणारी नाही.

मीटिंगमध्ये सुटण्यासारखं जे आहे ते वेगळं. विषयपत्रिकेवर पार्किंग, पाण्याची टाकी, गणपतीची वर्गणी असतेच. त्यात एकदा 'वॉचमनला विचारणे' एवढा विषय घालून पाहावा. सुपरवायझरसमोर विचारायचं नाही, आणि उत्तराने नोकरी जाणार नाही हे आधी सांगायचं. बहुतेक आपण खुर्ची धरून चाललेलो असतो आणि निघतं भलतंच. साठी उलटलेल्या बऱ्याच पुरुषांना वारंवार लघवीला जावं लागतं. वॉचमनचं संडास-बाथरूम बिल्डरने नकाशात दाखवलेलं असतं, पार्किंगच्या मागे. तिथे आता सोसायटीच्या जुन्या सायकली आणि मांडवाचे बांबू ठेवलेत, आणि किल्ली सेक्रेटरींकडे आहे. सेक्रेटरी सकाळी नऊला ऑफिसला जातात.